भार तोच, मनुष्य बदलला

लुंबिनी मेश्रामची चूक एकच झाली. तिनं वडिलांना जी भेट दिली, ती ते घेणार नाहीत यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

विश्वासाला आधारही होता. यशवंत मेश्राम यांनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा इतरांच्या रजा-प्रवास सवलतीचे अर्ज तपासण्यात. दिवाळीत कुणी सुक्या मेव्याचा डबा आणला, तर ते त्या माणसाला चहा पाजत आणि डब्यासकट लिफ्टपर्यंत सोडायला जात. घरातही तोच कायदा. लुंबिनीनं पहिल्या पगारातून आणलेलं घड्याळ त्यांनी महिनाभर डबीतच ठेवून पाहिलं आणि ‘गरज नाही’ म्हणून लुंबिनीच्या आईच्या, कमलाबाईंच्या मनगटावर बांधलं. कमलाबाईंना ते ढगळ होत होतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही.

तेव्हा जानेवारीअखेर पप्पा निवृत्त झाले आणि लुंबिनीनं डाव रचला. कालधार खिंडीचा ट्रेक, मे महिना, चौदा हजार फूट, सहा दिवस, बर्फातून. या खिंडीच्या मागे ती तीन वर्षं लागली होती. पहिल्या वर्षी नोएडाच्या ऑफिसनं रजा दिली नाही, दुसऱ्या वर्षी डेंगी झाला, तिसऱ्या वर्षी दोन्ही झालं. यंदा रजा मंजूर होती, डास अजून आले नव्हते, पण बुकिंगमध्ये ‘कुटुंब जोडी’ नावाचा एकच प्रकार शिल्लक होता. तिनं एक जागा स्वतःच्या नावावर घेतली, दुसरी पप्पांच्या, आणि कागद छापून पाकिटात घातला. पप्पा म्हणणार, गरज नाही. मग रिकाम्या जागेवर मैत्रीण राधा येणार. भेट दिल्याचं समाधान पण आणि राधाची सोबत पण.

पप्पांनी पाकीट उघडलं, कागद दोन्ही बाजूंनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “ठीक आहे. जाऊ.”

लुंबिनीनं त्या रात्री ट्रेकच्या कंपनीचा मेल दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचला. पंचावन्नच्या वरच्या माणसाला चाचणी होती. दहा किलोंची सॅक पाठीवर घेऊन वीस मजले बारा मिनिटांत चढून दाखवायचे, व्हिडिओ कॉलवर, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाला. नाही जमलं, तर अख्खी जोडी बाद. मेलला चौदा पानांच्या अटी जोडलेल्या होत्या. त्या तिनं बुकिंगच्या वेळीच, अंगठ्यानं सर्रकन खाली ओढून, ‘मान्य’ केल्या होत्या.

म्हणजे आता तिची खिंड साठ वर्षांच्या, चेहऱ्यानं शांत आणि गुडघ्यानं तक्रारखोर अशा एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पायांवर अवलंबून होती. सरकारी क्वार्टर सोडून ते नोएडात बावीस मजली टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर राहायला आले, त्याला महिनाही झाला नव्हता. आतापर्यंत पप्पा जिना एकदाच चढले होते, लिफ्ट बंद असताना, तेही दुसऱ्या मजल्यापर्यंत. तिथून त्यांनी लिफ्ट सुरू होण्याची वाट पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर फाइल होती. जाड पुठ्ठा, पांढरी नाडी, आणि वर ठळक अक्षरांत: ‘विषय: हिमालय’. डाव्या बाजूला हिरव्या नोटशीट, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. कंपनीच्या चौदा पानी अटी पप्पांनी छापून आणल्या होत्या, अधोरेखित केल्या होत्या, आणि त्यांना कागदी फ्लॅग लावले होते, क पासून ट पर्यंत.

“पान तीन, फ्लॅग ग,” पप्पा म्हणाले. “वाचून घे.”

“हो पप्पा,” लुंबिनी म्हणाली आणि मेट्रो पकडायला धावली.

हे संभाषण पुढे रोज होत राहिलं. रोज सकाळी पप्पा नोटशीटवर आदल्या दिवसाची प्रगती क्रमांकित परिच्छेदांत लिहीत, लुंबिनीची सही घेत आणि फ्लॅग गची आठवण करत. रोज ती हो म्हणे. एका हातात टोस्ट असताना माणूस दुसऱ्या हातानं सही करू शकतो, वाचू शकत नाही, अशी तिची बाजू होती.

सॅक दिल्लीतल्या मुनिरक्याहून आली. तिथे पप्पांचा पुतण्या धम्मपाल भाड्याच्या खोलीत पाच वर्षं यूपीएससीची तयारी करत होता. त्यानं पुस्तकं पलंगावर ओतून सॅक रिकामी करून दिली आणि वर वातावरणाच्या थरांवर चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं. पप्पांनी थरांची नोंद फाइलमध्ये घेतली.

मग प्रश्न आला भाराचा. पप्पांना असा भार हवा होता, ज्याच्या वजनाबद्दल कुणी शंका घेणार नाही. दगड त्यांना पसंत नव्हते. दगडाला माप नसतं. पाण्याच्या बाटल्या डचमळतात. शेवटी त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या तूर डाळीवर गेली. हिंगणघाटची आत्या दर वर्षी डाळ पाठवे, दोन-दोन किलोंच्या पाच पिशव्या, तोंडं दाभणानं शिवलेल्या. आत्याच्या मापात आजवर कुणी खोट काढलेली नव्हती. पप्पांनी पाचही पिशव्या वजनकाट्यावर ठेवून लुंबिनीला साक्षीदार म्हणून बोलावलं, बरोब्बर दहा किलो भरल्याचं लिहून घेतलं, पिशव्या सॅकमध्ये रचल्या आणि सॅक स्वयंपाकघराच्या दारामागच्या हुकला टांगली. मग एक परिपत्रक काढलं. त्यातला चौथा परिच्छेद असा होता: ‘सदर डाळ यापुढे खाद्यपदार्थ नसून उपकरण समजण्यात यावी.’

परिपत्रक कमलाबाईंसमोर गेलं, तेव्हा त्या फोडणी देत होत्या. पप्पांनी बोट ठेवून जागा दाखवली. कमलाबाईंनी मोहरी तडतडायच्या आत सही केली.

पहिल्या दिवशी पप्पांना वीस मजल्यांना एकवीस मिनिटं लागली. वाटेत चार विसावे झाले. त्यातल्या एका विसाव्यात नवव्या मजल्यावरच्या शर्मांनी त्यांना आत बोलावून सरबत दिलं आणि ते त्यांनी प्रथमच कुणाकडून तरी मुकाट्यानं घेतलं. लुंबिनी स्टॉपवॉच घेऊन मागे होती. एकवीस मिनिटं. हवी होती बारा. तिनं भिंतीला डोकं टेकवलं. पप्पांना वाटलं, ती दमली. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

“तिथे घालायचेच आहेत, मग आतापासून अंगाला सवय असावी,” असं म्हणून पप्पा मार्चमध्ये लोकरी आतले कपडे घालून जिना चढू लागले. मार्चमध्ये हे विनोदी होतं. एप्रिलमध्ये टॉवरच्या गार्डनं लुंबिनीला बाजूला घेऊन विचारलं, अंकलजींची तब्येत ठीक आहे ना. दिल्लीच्या हवेबद्दलही पप्पांचं मत अनुकूल होतं. जे फुप्फुस इथले दोन हिवाळे काढतं, त्याला विरळ हवा म्हणजे सुट्टी, असं त्यांनी परिच्छेद एकोणीसमध्ये नोंदवलं.

एका रविवारी ते दोघींना घेऊन दिल्लीतल्या हिंदूरावच्या रिजच्या टेकडीवर गेले. उंचीची सवय हळूहळू करायची असते आणि दिल्लीत डोंगर म्हणावा असं एवढंच आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तिथे दोन तास नुसतं बसायचं होतं. लुंबिनीनं सांगून पाहिलं की आपल्या टॉवरच्या गच्चीपेक्षा ही टेकडी बुटकी आहे, आपण सवय करायला खाली उतरून आलोय. पप्पा म्हणाले, गच्ची नैसर्गिक नाही. एका माकडानं येऊन लुंबिनीच्या मांडीवरचा एनर्जी बार उचलला, वेष्टन व्यवस्थित सोलून खाल्ला आणि बाकावर त्यांच्यासोबत उंचीची सवय करत बसलं. कमलाबाईंनी डबा उघडला. पोळी, भाजी आणि घट्ट वरण. त्या दिवसांत घरात वरण दोन्ही वेळा असे.

आणि मग, सगळ्या अपेक्षांच्या विरुद्ध, पप्पा सुधारू लागले.

मार्चच्या मध्यावर अठरा मिनिटं. अखेरीस पंधरा. लुंबिनीनं ऑफिसच्या लॅपटॉपवर आलेख काढला. रेषा इतकी सुंदर उतरत होती की शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, कुठल्या क्लायंटचं आहे. लुंबिनी म्हणाली, वडिलांचं. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, घरी पंचवीस-तीस माणसं जेवायला होती. जुन्या क्वार्टरमधले शेजारी, ऑफिसातली मंडळी, मुनिरक्याहून धम्मपाल आणि त्याच्यासारखेच आणखी सहा भावी कलेक्टर. कमलाबाईंनी पातेलंभर पालकाची डाळभाजी केली आणि भावी कलेक्टरांनी ती पुसून नेली. त्यानंतर दोन दिवसांनी पप्पांनी वीस मजले अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत गाठले.

लुंबिनी वरच्या पायरीवर उभी राहून घड्याळाकडे बघतच राहिली. पप्पांना धाप होती, पण बोलता येईल इतकीच. त्यांनी जयंतीच्या प्रेरणेचा उल्लेख केला. संध्याकाळी नोटशीटवर त्यांनी परिच्छेद एक्केचाळीस लिहिला. आजवरच्या सगळ्या परिच्छेदांत तो लहान होता: ‘भार तोच. मनुष्य बदलला.’

तो वाचून लुंबिनीचे डोळे थोडे भरून आले. ही गोष्ट तिनं नंतर नाकारली.

चाचणीच्या आधीच्या बुधवारी कंपनीच्या अंकुरचा फोन आला. अंकुर डेहराडूनच्या ऑफिसात बसे. वय असेल चोवीस, आवाज असा की जणू प्रत्येक वाक्याआधी तो चपला बाहेर काढून येतो. रविवारी गडबड नको म्हणून त्यानं कॅमेरा, नेटवर्क, जिन्यातला उजेड सगळं एकदा बघून घेतलं. शेवटी म्हणाला, “सर, बस एक बार वजन दिखा दीजिए.”

पप्पांनी अभिमानानं सॅक काट्यावर ठेवली.

तीन किलो नऊशे.

पप्पांनी काटा उचलून पुसला. तीन किलो नऊशे. लुंबिनीनं टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून काट्यात घातले. तीन किलो नऊशे. मग पप्पा स्वतः काट्यावर उभे राहिले, तेव्हा काट्यानं त्यांना सत्तर किलो सहाशे दाखवलं. म्हणजे काटा बोलत होता ते खरं होतं. पडद्यावर अंकुर हलेनासा झाला. नेटवर्क गेलं नव्हतं. तो सभ्यपणे नेटवर्क गेल्यासारखा बसला होता.

लुंबिनीनं सॅकची चेन उघडली. तळाला डाळीची एक पिशवी होती, तोंड शिवलेली. तिच्यावर चार रिकाम्या पिशव्या नीट घडी घालून रबरबँडमध्ये. आणि वर, सॅक टम्म दिसावी इतके, मुरमुऱ्यांचे तीन मोठे पुडे.

“आई,” लुंबिनीनं हाक मारली.

कमलाबाई हात पुसत आल्या. नाकारायचा त्यांचा काही विचार दिसला नाही. घरातली सगळी डाळ दारामागे टांगली होती, त्यांनी दारामागून घेतली. घरात स्वयंपाक डाळीचाच होतो. आणि मुरमुरे? “सॅक ढिली पडायला लागली होती. ह्यांच्या पाठीला पट्ट्याचं लोखंड टोचलं असतं.”

लुंबिनी तिथेच फरशीवर बसली. बावन्न दिवस. तो आलेख, ती उतरती रेषा, ते भरून आलेले डोळे. तो आलेख पप्पांच्या फुप्फुसांचा नव्हताच, तो घरातल्या वरणाचा होता. जयंतीच्या दिवशी पप्पा बदलले नव्हते, अडीच किलो डाळभाजी झाली होती. आणि तिनं स्वतः दोन्ही वेळा वाटी पुढे करून आणखी मागितलं होतं.

पप्पा मात्र शांत होते. त्यांनी अंकुरला रविवारी भेटू म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि चौकशी समिती नेमली. समितीत ते एकटेच होते. तक्रारदार तेच आणि बाधित पक्षही तेच. संध्याकाळी चहानंतर समिती बसली आणि पुरावा म्हणून परिपत्रक पुढे आलं, परिच्छेद चार, खाली कमलाबाईंची सही.

कमलाबाईंनी सही निरखून पाहिली.

“आहे तर माझीच,” त्या म्हणाल्या. “बत्तीस वर्षं तुम्ही माझ्यापुढे कागद ठेवताय आणि बोट कुठे आहे ते दाखवताय. वाच, असं एकदा तरी म्हणालात?”

समिती तिथेच उठली. अहवाल अपूर्ण राहिला. पप्पांच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं.

पण गुरुवारी सकाळी त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. लुंबिनीनं ते पाठवू नये म्हणून हात जोडले, तरी पाठवलं. पत्राचा आशय असा की डाळ नष्ट झालेली नसून तिचं उमेदवारात व कुटुंबीयांत अंतर्गत स्थानांतर झालेलं आहे. फेब्रुवारीत उमेदवाराचं वजन अडुसष्ट दोनशे होतं, आज सत्तर सहाशे आहे. सबब, भाराचा काही अंश उमेदवार रोज वर नेतच होता, फक्त जागा बदलून. या भागापुरती सूट मिळावी. अंकुरनं अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि पाठोपाठ लिहिलं, रविवार, सहा वाजता, दहा किलो, सॅकमध्ये.

नाक्यावरून नवी डाळ आली. गुरुवारी एकोणीस मिनिटं लागली. शुक्रवारी साडेअठरा. शनिवारी परत एकोणीस आणि मग पप्पा दिवाणखान्यात भिंतीला पाय लावून पाऊण तास पडून राहिले. त्याच अवस्थेत हात लांबवून त्यांनी लुंबिनीला विचारलं, पान तीन वाचलंस का. लुंबिनी उठून दुसऱ्या खोलीत गेली. उत्तर दिलं असतं तर ते आयुष्यभर लक्षात राहिलं असतं.

राधाकडे उपाय होता. डाळीऐवजी पाण्याचा कॅन, कॅनला सुईएवढं भोक, वजन कॅमेऱ्यासमोर दाखवायचं आणि पुढचं पाणी बघून घेईल. लुंबिनीनं यावर जितका वेळ विचार केला, तितका करायला नको होता. तिनं सुईसुद्धा शोधली. मग तिला पप्पा दिसले. ते टेबलाशी बसून उद्याच्या चाचणीसाठी नोटशीटवर रेघा आखत होते, ‘प्रत्यक्ष वेळ’ असा रकाना करून, पट्टी धरून. तिनं सुई परत दोऱ्यात खुपसली.

रविवारी सहा वाजता जिन्यात भट्टी पेटल्यासारखं होतं. कमलाबाईंनी लोकरी कपडे सकाळीच भिजत टाकले होते, त्यामुळे पप्पा साध्या बनियन-शर्टात होते. काट्यावर सॅक दहा किलो दोनशे भरली. लुंबिनीनं दोनशे ग्रॅम काढायला हात घातला. पप्पा म्हणाले, असू दे, जास्तीचा भार नियमात बसतो.

लुंबिनी फोन धरून पुढे, उलटी चढत. फोनमध्ये अंकुर. मागे पप्पा. पाचव्या मजल्यापर्यंत सगळं ठीक होतं. आठव्याला त्यांनी कठडा धरला. नवव्याला शर्मा सरबत घेऊन उभे होते, त्यांना पप्पांनी मान हलवून नकार दिला. बाराव्याला पावलं एकेका पायरीवर दोनदा पडू लागली. चौदाव्याला, स्वतःच्याच घराच्या दारासमोर, ते पायरीवर बसले.

साडेनऊ मिनिटं झाली होती. सहा मजले उरले होते आणि अडीच मिनिटं.

दार उघडलं. कमलाबाई पाण्याचा पेला घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पप्पांनी दोन घोट घेतले आणि पेला हातातच धरून ठेवला.

“पान तीन,” ते म्हणाले.

“पप्पा, आत्ता?”

“फ्लॅग ग. वाचलं असतंस तर आत्ता सांगावं लागलं नसतं.” ते मधे थांबून श्वास घेत होते. “कलम अकरा. ज्येष्ठ सदस्यानं वेळ संपायच्या आत माघार सांगितली, तर दुसऱ्याची जागा कायम राहते. रिकामी जागा कुणालाही देता येते. राधालाही. मी आता माघार सांगतो. तू जा.”

लुंबिनीला आधी कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. जानेवारीत ज्याच्यासाठी तिनं डाव रचला होता, ते बावन्न नाही, ऐंशी दिवस जेवणाच्या टेबलावर पडलं होतं, फ्लॅग लावून. तिनं त्याच्याशेजारी बसून टोस्ट खाल्ला होता.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“पहिल्या संध्याकाळपासून.”

“मग तेव्हाच का नाही घेतलीत माघार? माझी खिंड, माझी रजा, हा सगळा तमाशा, ते माकड...”

“मला जायचं होतं,” पप्पा म्हणाले.

त्यांनी पेल्यातला आणखी एक घोट घेतला.

“ते पाकीट तू मी नको म्हणावं म्हणून दिलं होतंस. अकरा वर्षं लोकांचे अर्ज वाचलेत बेटा, कुणाला खरंच कुठे जायचंय ते कळतं. बर्फ बघून आलेल्या साडेचारशे माणसांची बिलं मी मंजूर केली. म्हटलं, एकदा आपलाही अर्ज टाकून बघू.”

“मॅम,” फोनमधून अंकुरनं हळूच विचारलं, “सर माघार घेतायत असं लिहू? एक मिनिट राहिलंय.”

लुंबिनीनं फोनकडे पाहिलं. होय म्हणायचं होतं फक्त. चौदा हजार फूट, राधा, आणि सहा दिवसांत एकही नोटशीट नाही. ती चिडलेली होती, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीवर की वाचून घे म्हणणारा माणूस बरोबर निघाला होता. मग तिचं लक्ष पप्पांच्या खांद्यांवर गेलं. ते बसले होते, माघार सांगत होते, पण सॅक त्यांनी उतरवली नव्हती. कमरेचा पट्टासुद्धा सोडला नव्हता. आपला नंबर अजून पुकारला जाईल अशा बेतानं ते बसले होते.

“वेळ मोजत राहा, अंकुर,” ती म्हणाली. “पप्पा, उठा.”

“उपयोग नाही. वेळेत होत नाही. दोघंही बाद होऊ.”

“माहीत आहे. मग फाइल अर्धवट सोडायची का?”

पप्पांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी पेला कमलाबाईंच्या हातात दिला, कठडा धरला आणि उठले. कमलाबाईंनी दार ओढून घेतलं आणि पेला घेऊन त्याही मागून चढू लागल्या.

विसाव्या मजल्यावर घड्याळानं सतरा मिनिटं आणि वीस सेकंद दाखवले. पप्पांनी ते स्वतः बघून घेतलं, कारण रकाना भरायचा होता.

अंकुरनं चपला काढलेल्या आवाजात सांगितलं की नियमाप्रमाणे जोडी बाद आहे, त्याला फार वाईट वाटतं आहे. मग घाईघाईनं म्हणाला की त्याच तारखांना दुसरा एक ट्रेक आहे, तीन दिवसांचा, नऊ हजार फुटांवरच्या गवताळ कुरणापर्यंत. चाचणी नाही. मुलं येतात, आजी-आजोबा येतात. खिंड नाही, पण जागा हव्या तितक्या आहेत.

लुंबिनी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. आजी-आजोबा. तिला राधाचा चेहरा दिसला आणि तिनं डोळे मिटले.

पप्पा फोनजवळ आले. “बर्फ असतो तिथे?”

“मेमध्ये, सर... कोपऱ्यांत असतो. सावलीला.”

“किती?”

“किती म्हणजे, सर?”

“हात बुडेल इतका?”

अंकुरनं खरोखर विचार केला. “हात बुडेल, सर. मनगटापर्यंत.”

“मग पुरे,” पप्पा म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी सॅक उतरवली.

सोमवारी सकाळी टेबलावर नवी फाइल होती. ‘विषय: हिमालय (सुधारित)’. लुंबिनी टोस्ट तोंडात धरून चपला घालत होती. राधाला रात्रीच कळवलं होतं. राधानं फक्त ‘कुरण?’ एवढंच लिहिलं होतं आणि त्यापुढे एका बकरीचं चित्र. पप्पांनी पहिला कागद कमलाबाईंसमोर सरकवला आणि बोट ठेवलं.

कमलाबाईंनी पेन घेतलं नाही. त्यांनी फ्रिजवरून चष्मा आणला, ढगळ घड्याळ कोपराकडे सरकवलं, खुर्ची ओढून बसल्या आणि पप्पांचं बोट उचलून बाजूला ठेवलं. मग पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पप्पा उभेच होते. लुंबिनीनं एक चप्पल घातली होती, दुसरी हातात होती.

“इथे दोनच नावं आहेत,” कमलाबाई म्हणाल्या.

पप्पांनी वाकून पाहिलं. दोनच होती. त्यांनी खिशातलं पेन काढून तिसरं नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात, आणि समासात आद्याक्षरं टाकली.

“आणि हा परिच्छेद चार. डाळ परत सॅकमध्ये?”

“चाचणी नसली तरी सराव...”

कमलाबाईंनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि परिच्छेद चारवर आडवी रेघ मारली. पट्टी न धरता, पण सरळ. मग पान उलटलं.

“मागे अजून आहे का?”

“सोळा पानं आहेत,” पप्पा म्हणाले.

“मग चहा टाका,” कमलाबाई म्हणाल्या. नजर कागदावरच होती.

लुंबिनीनं घातलेली चप्पल काढली, ऑफिसला उशीर होईल असा निरोप टाकला आणि आईशेजारची खुर्ची ओढली. पान तीन कुठे आहे, तिनं विचारलं. स्वयंपाकघरातून बराच वेळ डबे उघडल्या-मिटल्याचा आवाज येत राहिला, आणि मग पप्पांनी दारातून डोकं काढून साखर कुठल्या डब्यात असते अशी लेखी नव्हे, तोंडी विचारणा केली.